औषधाचा पत्ता

आमचे दादा, म्हणजे माझे मोठे दीर, जर्सी सिटीतल्या पोस्टाच्या पार्सल केंद्रात सत्तावीस वर्षं नोकरीला होते. १९७९ साली ते इथे आले तेव्हा नेवार्क ॲव्हेन्यूवर आजच्याइतकी आपली दुकानं नव्हती. तूरडाळ हवी तर पाथ ट्रेन पकडून मॅनहॅटन गाठायचं. १९८७ साली ‘डॉटबस्टर्स’ नावाच्या टोळक्याने इथल्या भारतीयांना छळलं, तेव्हाही हे घर सोडून ते गेले नाहीत. वहिनींनी काही महिने बाहेर जाताना कुंकू लावलं नाही, एवढंच. दादा रात्रपाळीला जात आणि सकाळी येऊन चहा घेताना पार्सलांच्या गमती सांगत. त्यांचं एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं होतं: “पार्सल कितीही किमती असू दे, पत्ता नीट नसला की ते फिरतच राहतं.”

हे वाक्य पुढे एका वेगळ्याच प्रसंगात आमच्या उपयोगी पडलं. तो प्रसंग आणि त्यातून मी जे शिकले ते मंडळींना सांगावं म्हणून हा लेखप्रपंच. लेख थोडा शास्त्रीय आहे, पण घाबरू नका. साबुदाण्याची खिचडी ज्यांना येते त्यांना तो समजेल.

२०१४ च्या उन्हाळ्यात दादांच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. पित्ताचे खडे असतील म्हणून सोनोग्राफी केली. खडे नव्हते. यकृतात तीन गाठी होत्या, त्यातली मोठी साडेचार सेंटिमीटरची. पुढच्या तपासण्यांत निदान पक्कं झालं: यकृताचा कर्करोग. आम्ही सगळे अवाक् झालो. दादा आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नव्हते! “लिव्हर दारुड्यांचं जातं ना?” वहिनी पुन:पुन्हा विचारत होत्या. रक्ततपासणीत कारण सापडलं. दादांच्या रक्तात हेपेटायटिस बी चा विषाणू होता, बहुधा लहानपणापासून. अडुसष्ट वर्षं तो बिनबोभाट राहिला आणि यकृत हळूहळू निबर करत गेला.

यकृत असं निबर झालेलं, त्यात तीन गाठी, त्यामुळे शस्त्रक्रिया शक्य नव्हती. यकृत बदलायचं म्हटलं तर त्याचेही नियम असतात. १९९६ साली इटलीत मिलानच्या डॉक्टरांनी जे निकष घालून दिले त्यांप्रमाणे एकच गाठ असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत चालते, आणि तीनपर्यंत गाठी असतील तर प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत हवी. दादा त्यात बसत नव्हते. डॉक्टरांनी तिसरा मार्ग सुचवला: “औषध भरलेले बारीक मणी थेट गाठीच्या रक्तवाहिनीत सोडू.”

त्या संध्याकाळी वहिनींच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळे टेबलाभोवती बसलो होतो. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, वहिनी साबुदाणा धूत होत्या. मी न्यू जर्सीतल्या औषध कंपन्यांत बावीस वर्षं गोळ्यांना पॉलिमरचे लेप द्यायचं काम केलेलं. साहजिकच सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“तू औषधातली माणूस,” वहिनी म्हणाल्या, “मणी म्हणजे काय ते मला समजेल असं सांग. आणि खरं सांग.”

सगळ्या गावाला एकच पार्सल

मी केमोथेरपीपासून सुरुवात केली. दादांना जे औषध द्यायचं होतं त्याचं नाव डॉक्सोरुबिसिन. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी ते मातीतल्या एका जीवाणूपासून मिळवलं, आणि एड्रियाटिक समुद्रावरून त्याचं ‘एड्रियामायसिन’ असं बारसं केलं. अमेरिकेत ते १९७४ पासून वापरात आहे. रंग अगदी कोकम सरबतासारखा लाल. पेशी दुप्पट होताना डीएनएची जी नक्कल होते, तिच्यात हे औषध अडथळा आणतं. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्या जास्त मरतात. पण केसांची मुळं, तोंडातली त्वचा, रक्त तयार करणारी हाडांतली मज्जा याही भराभर वाढणाऱ्याच. त्यांनाही फटका बसतो. शिवाय हे औषध हृदयाच्या स्नायूला त्रास देतं, म्हणून आयुष्यभरात किती घ्यायचं याला मर्यादा असते.

शिरेतून दिलेलं औषध रक्ताबरोबर सगळीकडे जातं. दादा लगेच म्हणाले, “म्हणजे एका माणसाचं पार्सल आख्ख्या गावाला वाटलं की!” बरोबर. आणि यकृताच्या कर्करोगात अडचण दुहेरी. डॉक्सोरुबिसिनची विल्हेवाट यकृतच लावतं. ज्याचं यकृतच थकलेलं, त्याच्या अंगात ते जास्त वेळ राहतं आणि जास्त बाधतं. म्हणूनच शिरेतून दिलेल्या केमोनं या रोगात फारसा कुणाचा फायदा झाला नाही.

यकृताची दोन दारं

आता निसर्गानं ठेवलेली एक सोय ऐका. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून मोठ्या शिरेनं येतं, आणि उरलेलं हृदयाकडून धमनीनं. निरोगी यकृताचं पोट मुख्यतः पहिल्या वाटेवर भरतं. कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढते. म्हणजे धमनीच्या फांद्यांपैकी जी फांदी गाठीकडे जाते तिच्यात औषध सोडलं आणि मग ती बंद केली, तर गाठीची उपासमार होते आणि निरोगी भाग बराचसा वाचतो.

जपानी डॉक्टरांनी १९८० च्या दशकात ही युक्ती पुढे नेली. खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून केलेल्या एका द्रवात ते औषध घोटत. हे तेल गाठीत अडकून राहतं आणि एक्स-रेमध्ये दिसतं. (खसखस आपण अनरशाला लावतो, तिचा हा उपयोग मलाही ठाऊक नव्हता.) २००२ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी ११२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा उपचारानंतर दोन वर्षांनी शंभरातले ६३ जण हयात होते, नुसती काळजी घेतलेल्यांत २७. त्याच वर्षी हाँगकाँगहूनही तसाच निकाल आला, आणि ही पद्धत जगभर मान्य झाली.

पण तेलातलं औषध नीट धरून राहत नाही. थोड्या वेळात बरंचसं सुटून रक्तात मिसळतं. इथे पॉलिमरचं काम सुरू होतं.

लाल साबुदाणा

पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब माळ. स्टार्च हाही पॉलिमरच, म्हणून साबुदाणाही. दादांना द्यायचे मणी पॉलिव्हायनिल अल्कोहोल नावाच्या पॉलिमरचे होते. नाव भारदस्त आहे, पण वस्तू ओळखीची. सुताला द्यायच्या खळीत ती असते, डिंकात असते, कोरड्या डोळ्यांत घालायच्या थेंबांतही असते. या माळा एकमेकींत गुंफल्या की पाणी धरून ठेवणारा, लिबलिबीत पण न विरघळणारा मणी तयार होतो.

“म्हणजे भिजलेला साबुदाणा,” वहिनी म्हणाल्या.

अगदी तसाच. फक्त दाण्यापेक्षा फार बारीक, एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत. या मण्यांच्या माळांवर ऋण विद्युतभार असलेले गट मुद्दाम जोडलेले असतात. डॉक्सोरुबिसिनवर धन भार असतो. मणी लाल द्रावणात टाकून ठेवले की औषध आपणहून त्यांच्यात शिरतं. तास-दोन तासांत वरचं पाणी फिकट होतं आणि मणी लालबुंद. रक्तात गेल्यावर तिथल्या मिठातले सोडियमचे कण औषधाची जागा घेतात, तसतसं औषध बाहेर पडतं, हळूहळू, कित्येक दिवस. मणी मात्र तिथेच बसून वाट अडवतो.

असे मणी इंग्लंडमधल्या कंपनीनं ‘डीसी बीड’ नावानं युरोपात आणले. २०१० साली तिथल्या २१२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मण्यांच्या गटात ५२ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या किंवा निष्प्राण झाल्या, तेलाच्या गटात ४४ टक्के. हा फरक गणिताच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. पण यकृताला होणारी गंभीर इजा आणि औषधाचे दुष्परिणाम मण्यांच्या गटात स्पष्टपणे कमी होते. दादांसारख्या थकलेल्या यकृताच्या माणसाला हे महत्त्वाचं होतं. मी तसं सांगितलं. “बरं होईल का?” या वहिनींच्या प्रश्नाला मी म्हटलं, “बरं होणार नाही वहिनी. पण वेळ मिळेल, आणि तो वेळ बराचसा चांगला असेल.” त्यांनी साबुदाण्यातलं पाणी निथळलं आणि काही बोलल्या नाहीत. दादा मात्र म्हणाले, “चला, घरपोच डिलिव्हरी तरी मिळते आहे.”

ऑगस्टमध्ये पहिले मणी सोडले. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून, पडद्यावर वाट बघत बघत गाठीच्या फांदीपर्यंत जायचं. दादा जागेच होते. चार दिवस ताप, पोटात दुखणं, अन्नावर वासना नाही. या त्रासाची आधी कल्पना दिलेली असावी, नाहीतर घरचे घाबरतात. केस गेले नाहीत. गणपतीला त्यांनी नेहमीसारखी आरती खणखणीत म्हटली. दोन महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये मोठ्या गाठीचा बहुतेक भाग मेलेला दिसला. पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा आणि २०१६ साली तिसऱ्यांदा मणी सोडावे लागले.

लिफाफ्यांचा इतिहास, न्यू जर्सीमार्गे

त्या काळात मी रात्री वाचायला बसे. आपल्या विषयातलं असूनही मला किती थोडं माहीत होतं! औषधाला पॉलिमरच्या लिफाफ्यात घालून पाठवायची कल्पना जुनी आहे. १९७५ साली जर्मनीच्या हेल्मुट रिंग्सडॉर्फ यांनी तिचा आराखडा मांडला: एक लांब माळ, तिला लोंबणारं औषध, आणि कुठे जायचं ते सांगणारा पत्ता. त्याच सुमारास आपल्या न्यू जर्सीत, रटगर्स विद्यापीठात, प्रा. फ्रँक डेव्हिस प्रथिनांना पॉलिएथिलिन ग्लायकॉलच्या माळा जोडत होते. १९७७ साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. त्यातून १९९४ साली रक्ताच्या कर्करोगावरचं ‘ऑन्कास्पार’ आलं. २००१ साली त्याच युक्तीनं टिकाऊ केलेलं इंटरफेरॉन केनिलवर्थच्या शेरिंग-प्लाऊ कंपनीनं हेपेटायटिस सी साठी आणलं. आठवड्यात तीन टोचण्यांऐवजी एक पुरू लागली. म्हणजे पॉलिमर यकृताच्या मदतीला आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावरून आला होता.

यकृताच्या कर्करोगासाठी खास लिफाफा पहिल्यांदा बनवला तो जपानच्या हिरोशी माएदा यांनी. त्यांचं पॉलिमर जोडलेलं औषध, स्मॅन्क्स, खसखशीच्या तेलातून यकृताच्या धमनीत देत. १९९३ साली जपाननं त्याला मान्यता दिली. माएदांनीच १९८६ साली दाखवलं होतं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपतात आणि साचतात.

मग प्रश्न आला पत्त्याचा. यकृताच्या पेशींवर एक ग्राहक असतो, जो गॅलॅक्टोज ही साखर दिसली की पकडून आत ओढतो. प्रागचे यिंद्रिख कोपेचेक आणि इंग्लंडच्या रूथ डंकन यांनी पॉलिमरच्या माळेला डॉक्सोरुबिसिन आणि गॅलॅक्टोजसारखी साखर दोन्ही जोडली. इंग्लंडमध्ये ३१ रुग्णांना ते दिलं, त्यांतल्या २३ जणांना यकृताचाच कर्करोग होता. २००२ साली निष्कर्ष आले. औषध खरंच यकृतात पोचलं, आणि दोघांच्या गाठी दीर्घ काळ आकसून राहिल्या. पण गाठीपेक्षा आजूबाजूच्या निरोगी यकृतातच ते जास्त गेलं. कारण तो ग्राहक निरोगी पेशींवर भरपूर असतो आणि कर्कपेशी बऱ्याचदा तो गमावून बसतात.

हे मी दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी टाळी दिली. “अगं, झिप कोड बरोबर, अपार्टमेंट नंबर नाही! ०७३०६ मध्ये येऊन पार्सल भलत्याच दारात!” तीस वर्षांच्या संशोधनाची अडचण इतक्या थोडक्यात मी कुठल्या परिषदेत ऐकली नाही.

आपली माणसंही या शोधात आहेत. माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे नंतरची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, तिथे प्रा. पद्मा देवराजन यांच्या गटानं पुल्लुलान आणि अरॅबिनोगॅलॅक्टन या नैसर्गिक शर्करा-पॉलिमरांचा पत्ता लावून डॉक्सोरुबिसिनचे सूक्ष्म कण यकृताच्या पेशींकडे वळवण्याचे प्रयोग केले. नागपूर विद्यापीठातून आलेले आणि क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये काम केलेले डॉ. विनोद लाभसेटवार यांनी शरीरात विरघळून जाणाऱ्या पॉलिमरच्या नॅनोकणांवर वर्षानुवर्षं काम केलं. ते निबंध वाचताना, सासरची-माहेरची नावं दिसल्यावर होतो तसा आनंद मला झाला.

पण प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतची वाट फार लांब. २०१६ साली एका आढाव्यात दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र केले, तेव्हा दिसलं की टोचलेल्या नॅनोकणांपैकी साधारण ०.७ टक्केच गाठीत पोचतात. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहाच गिळतात. फ्रान्समधल्या ‘लिवाटॅग’ या पॉलिमरच्या नॅनोकणांतल्या डॉक्सोरुबिसिनवर मोठी आशा होती. सुमारे ४०० रुग्णांवरची अंतिम चाचणी २०१७ मध्ये पुरी झाली, आणि नेहमीच्या उपचारांहून आयुष्य वाढलेलं दिसलं नाही.

नदीपलीकडची बातमी

आता जे सांगायला मला सगळ्यात जड गेलं ते. २०१६ साली, दादांची तिसरी खेप होऊन गेल्यावर, एक अभ्यास माझ्या वाचनात आला. तो झाला होता हडसन नदीच्या पलीकडे, मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये. १०१ रुग्ण. निम्म्यांना औषध भरलेले मणी, निम्म्यांना नुसतेच मणी. गाठींवरचा परिणाम सारखाच. दोन्ही गटांचं आयुर्मान वीस महिन्यांच्या आसपास, म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणजे काम केलं असेल ते बहुधा वाट अडवण्यानं. त्या सुंदर लाल औषधानं वर काही भर घातली की नाही, हे दिसलं नाही.

मी दोन दिवस तो कागद पर्समध्ये घेऊन फिरत होते. ज्या मण्यांची मी वहिनींना इतकी कौतुकानं गोष्ट सांगितली, त्यांचीच ही कथा. सांगू की नको? शेवटी वहिनींचं “खरं सांग” आठवलं. रविवारी दादांना फिरायला घेऊन गेले, एक्स्चेंज प्लेसच्या धक्क्यावर, कोलगेटच्या मोठ्या घड्याळाकडे तोंड करून बसलो, आणि सांगितलं.

ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे पार्सल कुणी उघडलंच नाही. ट्रक रस्त्यात आडवा लावला, तेच कामी आलं.”

“तसंच दिसतंय, दादा.”

“मग वाईट काय झालं? दोन वर्षं झाली की नाही? नातीची दहावी बघितली.” थोड्या वेळानं म्हणाले, “पण सांगितलंस ते बरं केलंस. माणसानं मनाशी हिशेब ठेवायला बरं पडतं.”

एक-दोन अभ्यासांनी विज्ञानाचा निकाल लागत नाही, हेही इथे सांगायला हवं. १०१ हा आकडा लहान आहे. इटलीतल्या एका अभ्यासात मणी आणि तेल यांचं आयुर्मान सारखं आलं, पण मण्यांनी उपचारानंतरचं दुखणं कमी केलं. कुठे मणी वापरतात, कुठे तेल, तर कुठे किरणोत्सारी यिट्रियमचे कण. तुमच्या घरात अशी वेळ आली तर डॉक्टरांना सरळ विचारा: माझ्या बाबतीत यांतलं काय आणि का? यकृताची ताकद किती उरली आहे? मोठी शीर मोकळी आहे का? बरोबर प्रतिकारशक्तीचं औषध देता येईल का? एखादी चाचणी चालू आहे का? एवढे प्रश्न विचारल्यानं कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही.

२०१७ मध्ये रोग यकृताबाहेर पसरला. तेव्हा गोळी होती सोराफेनिब. २००७ साली मान्यता मिळालेल्या या गोळीनं सरासरीत जेमतेम तीन महिने वाढत. दादांच्या तळहातांची आणि तळपायांची सालं निघाली, चालवेना. त्यांनीच ती बंद करायला सांगितली. २०१८ च्या फेब्रुवारीत, आपल्या घरात, आपल्या पलंगावर, ते गेले. मणी सोडल्यापासून साडेतीन वर्षं.

दोनच वर्षांनी, २०२० साली, अटेझोलिझुमॅब आणि बेवासिझुमॅब ही जोडी आली. त्या चाचणीत वर्षभरानंतर शंभरातले ६७ जण हयात होते, सोराफेनिबच्या गटात ५५. २०२४ साली तर धमनीतून वाट अडवण्याच्या उपचाराला अशा औषधांची जोड दिली, तेव्हा रोग पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा काळ आठ महिन्यांवरून पंधरा महिन्यांवर गेल्याचं दिसलं. वहिनींना मी हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलेलं नाही, आणि विचारलं तर सांगेन.

घरातलाच पत्ता

आता या लेखाचं खरं कारण. दादांचं निदान झालं त्या आठवड्यात डॉक्टरांनी सहज विचारलं, “भावंडं किती?” हा विषाणू आईकडून मुलाला जन्माच्या वेळी मिळू शकतो. आई एकच, तर बाकीची मुलं?

बाकीचं मूल म्हणजे माझा नवरा. बावीस वर्षं औषध कंपनीत काढलेल्या माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. नोकरीसाठी मी स्वतः लस घेतलेली, मुलांना इथे लहानपणीच टोचलेली. यांची तपासणी मात्र कधी केली नव्हती, कारण यांना कधी काही झालंच नव्हतं. दादांनाही कधी काही झालं नव्हतं.

यांच्या रक्तात विषाणू निघाला. यकृतावर थोडे व्रण, गाठ नाही. तेव्हापासून रोज एक गोळी आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. या गोळ्यांनी विषाणू दबून राहतो आणि कर्करोगाचा धोका बराच कमी होतो. आज यांचं वय दादांच्या निदानाच्या वयाएवढं झालं आहे, आणि परवाची सोनोग्राफीही स्वच्छ आली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या रक्तात हेपेटायटिस बी होता. बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. अमेरिकेच्या सीडीसीनं २०२३ साली सांगितलं की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकानं आयुष्यात एकदा तरी तपासणी करावी. तीन चाचण्या एकदमच: सरफेस अँटिजेन, सरफेस अँटिबॉडी आणि कोअर अँटिबॉडी. विषाणू नसेल आणि प्रतिकारशक्तीही नसेल तर लस घ्या. विषाणू निघाला तर घाबरू नका, लपवूही नका. एका ताटात जेवून, मिठी मारून, नातवंडाला मांडीवर घेऊन हा रोग पसरत नाही. “लोक काय म्हणतील” म्हणून आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं तपासणी टाळली, त्याचं मला फार वाईट वाटतं. हेपेटायटिस सी तर आता आठ-बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. त्यातली मुख्य गोळी आपल्या प्रिन्स्टनच्या एका छोट्या कंपनीत जन्मली.

जर्सी सिटीबद्दल एक गोष्ट इथल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. १९०८ साली बूंटनच्या जलाशयावर शहराच्या पाण्यात मोजून क्लोरीन घालायला सुरुवात झाली. सार्वजनिक पाणी असं कायमचं निर्जंतुक करणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर. त्यावरून कोर्टकज्जेही झाले. पण रोग नळापर्यंत पोचायच्या आधीच अडवला गेला, आणि मग बाकीची शहरं त्याच वाटेनं गेली.

पॉलिमरचे हुशार लिफाफे उद्या नक्की सुधारतील, आणि त्यांत आपल्या मुलामुलींचाही हात असेल. तोपर्यंत पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा या तीन चाचण्या मागून घ्या, आणि भारतातल्या भावंडांनाही फोन करून सांगा. आमच्या वहिनी आता प्रत्येक हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना वाण देताना हेच विचारतात, “काय गं, तुझी आणि नवऱ्याची तपासणी झाली का?” सुरुवातीला बायका बिचकल्या. या वर्षी अकरा जणींनी “झाली” म्हणून सांगितलं.